आबासाहेब गरवारे आणि मासेमारीच्या जाळ्यातला पेटंटचा गुंता

वनाझहून मेट्रोने निघालात की नळ स्टॉपनंतर गरवारे कॉलेज हे स्टेशन येतं. ६ मार्च २०२२ रोजी पुण्यात मेट्रो सुरू झाली, तेव्हा या मार्गाचा पहिला टप्पा इथेच संपत होता. हे नाव आपण रोज ऐकतो, मोबाईलमधून मान वर न काढता उतरतो आणि कॉलेजला किंवा क्लासला जातो. पण हे गरवारे कोण, असं विचारलं तर बरेच जण एखाद्या शिक्षणमहर्षीचं नाव असेल असं सांगतील.

ते शिक्षक नव्हते. भालचंद्र दिगंबर गरवारे, म्हणजेच आबासाहेब, हे उद्योजक होते. शाळेच्या पुढे त्यांचं औपचारिक शिक्षण झालं नाही. मोटारी विकता विकता ते प्लास्टिककडे वळले, प्लास्टिककडून नायलॉनकडे, आणि त्यांच्या उद्योगसमूहातून पुढे मासेमारीची जाळी बनवणारी एक मोठी कंपनी उभी राहिली. त्यांचा हा प्रवास पाहताना एक प्रश्न सारखा आडवा येतो. जुनीच वस्तू नव्या मटेरियलमध्ये बनवली, तर त्याला शोध म्हणायचं का? त्यावर पेटंट मिळायला हवं का? तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात एखादी स्टार्टअपची आयडिया घोळत असेल, तर हा प्रश्न तुमचाही आहे.

तासगाव ते गिरगाव

आबासाहेबांचा जन्म २१ डिसेंबर १९०३ रोजी तासगावचा. आज तासगाव सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी मोटार ही गावात आली तर पोरं मागे धावत जावीत अशी चीज होती. आबासाहेब तरुणपणीच मुंबईत आले आणि याच मोटारीच्या धंद्यात शिरले. गिरगावात त्यांनी डेक्कन मोटर एजन्सी काढली. जुन्या गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या आणि विकायच्या, असा हा व्यवहार.

१९३० च्या दशकात जगभर मंदी आली. इंग्लंडमध्ये लोक गाड्या विकायला काढत होते आणि किमती पडल्या होत्या. आबासाहेब थेट तिकडे गेले आणि वापरलेल्या मोटारींच्या व्यापारात उतरले. तासगावच्या एका तरुणाने मंदीच्या दिवसांत विलायतेत जाऊन गाड्यांचा सौदा करणं ही आजच्या हिशेबानेही धाडसाची गोष्ट आहे.

इथे त्यांचा एक स्वभाव दिसतो आणि तो पुढे आयुष्यभर टिकला. एका ठिकाणी जी वस्तू चालते, ती दुसऱ्या ठिकाणी कशी चालेल, हे त्यांना लवकर दिसायचं. यात नवा शोध काही नव्हता. मोटार त्यांनी बनवली नव्हती. पण कुठली गोष्ट कुठे न्यायची याची नजर त्यांच्याकडे होती. ही नजर आणि शोध यांत फरक आहे, आणि पेटंटचा सगळा वाद याच फरकावर उभा आहे. तो फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नायलॉन नावाचं नवं सूत

आबासाहेब मोटारींच्या धंद्यात होते, तेव्हा अमेरिकेत आणि जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच कामात गुंतले होते. ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्सच्या गटाने १९३५ मध्ये नायलॉन बनवलं. कोळसा, पाणी, हवा अशा साध्या गोष्टींपासून निघणाऱ्या रसायनांतून पूर्णपणे माणसाने तयार केलेला हा धागा होता. १९३८ मध्ये तो जगासमोर आला आणि सुरुवातीला टूथब्रशच्या केसांसाठी वापरला गेला. त्याआधी ब्रशला डुकराचे केस लावायचे.

पण आपल्या गोष्टीसाठी जास्त महत्त्वाचं आहे ते जर्मनीत घडलं. ड्यू पाँटच्या पेटंटमुळे तो रस्ता इतरांना बंद होता. दुसरा रस्ता म्हणजे कॅप्रोलॅक्टम नावाचं रसायन. पण त्यापासून लांब साखळीचा धागा तयार होत नाही, असं खुद्द कॅरोथर्सने आपल्या संशोधनात नोंदवून ठेवलं होतं. एवढ्या मोठ्या माणसाने लिहिलं म्हटल्यावर बाकीचे त्या वाटेला कशाला जातील? पाऊल श्लाक नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तरीही प्रयत्न केला आणि १९३८ मध्ये त्याला यश आलं. तेच नायलॉन ६. आज आपल्याकडे मासेमारीच्या नायलॉन जाळ्यांमध्ये सर्रास वापरलं जातं ते हेच.

पेटंटच्या भाषेत ही अगदी नमुनेदार केस आहे. त्या क्षेत्रातले जाणकार हे होणार नाही असं म्हणत असताना कुणी ते करून दाखवलं, तर ती गोष्ट उघड होती असं म्हणता येत नाही.

प्लास्टिक, नायलॉन आणि पिंपरी-चिंचवड

दुसऱ्या महायुद्धानंतर आबासाहेबांनी मोटारींबरोबर प्लास्टिककडे लक्ष वळवलं. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. परदेशी माल आणायला परवाना लागायचा, परकीय चलन जपून वापरायचं होतं, त्यामुळे जे बाहेरून येतं ते इथे बनवा, असा तो काळ. प्लास्टिकच्या वस्तू, नायलॉनचे धागे, रंग अशा अनेक दिशांनी गरवारे उद्योगसमूह वाढत गेला. आबासाहेब मुंबईचे शेरीफ झाले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

त्याच सुमारास पुण्याजवळचं पिंपरी-चिंचवड बदलत होतं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला होता. नंतर आकुर्डी, भोसरी, चिंचवड या गावांच्या शेतांतून एकामागून एक शेड उभ्या राहिल्या. गरवारेंचा नायलॉनचा कारखाना याच पट्ट्यात होता. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या वॉल इंडस्ट्रीज या कंपनीच्या सहकार्याने गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी निघाली. तिचा कारखाना चिंचवडला, आणि पुढे साताऱ्याजवळ वाईलाही. आबासाहेब तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. दोरखंड आणि मासेमारीची जाळी हा या कंपनीचा मुख्य माल. २०१८ पासून तिचं नाव गरवारे टेक्निकल फायबर्स आहे.

गंमत बघा. ना समुद्र, ना बंदर, आणि पुण्यासारख्या गावात मासेमारीची जाळी. हे शक्य झालं कारण जाळं आता किनाऱ्यावरच्या झाडांवर आणि सुतावर अवलंबून राहिलं नव्हतं. ते कारखान्यातल्या मशीनवर आलं होतं.

जाळ्याचं मटेरियल बदललं म्हणजे नेमकं काय झालं?

पूर्वी जाळी कापसाच्या सुताची किंवा तागासारख्या धाग्यांची असायची. ओलं सूत कुजतं. म्हणून कोळी बांधव झाडांच्या सालींचा काढा करून त्यात जाळी बुडवायचे, मग वाळवायचे. रापण असो, डोल असो की पाग, मासे पकडण्याइतकाच वेळ जाळं सांभाळण्यात जायचा. शिवाय सूत पाणी पितं, त्यामुळे ओलं जाळं ओढताना खांदे निघायचे.

सिंथेटिक धागे आले आणि कुजण्याचा प्रश्नच संपला. पण सगळे सिंथेटिक धागे सारखे नसतात. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. आता हे आकडे बघा:

- नायलॉन: साधारण १.१४. म्हणजे पाण्यात बुडतं. ताणलं जातं आणि परत जागेवर येतं, त्यामुळे मासा ज्यात अडकतो अशा जाळ्यांना चांगलं.
- पॉलिएस्टर: साधारण १.३८. पटकन बुडतं.
- एचडीपीई, म्हणजे जाड पॉलिथिन: साधारण ०.९५. तरंगतं. ट्रॉलरमागे ओढायच्या जाळ्यांना हे वापरतात.
- यूएचएमडब्ल्यूपीई, म्हणजे अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिन: साधारण ०.९७. हेही तरंगतं, आणि वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी मजबूत.

शेवटच्या धाग्याचा फायदा असा. तेवढ्याच ताकदीसाठी धागा खूप बारीक चालतो. धागा बारीक झाला की जाळ्याला पाण्याचा अडथळा कमी होतो. अडथळा कमी म्हणजे ट्रॉलरचं डिझेल वाचतं. मिरकरवाडा किंवा ससून डॉकच्या बोटवाल्याला विचारा, डिझेलचा खर्च हा त्याच्यासाठी किती मोठा विषय आहे.

आता असं समजा, एखाद्या कंपनीने या बारीक, मजबूत धाग्याचं ट्रॉल जाळं बनवलं आणि पेटंटसाठी अर्ज केला. दुसरी कंपनी म्हणते, यात काय विशेष? मजबूत धागा बाजारात आहे, जाळं हजारो वर्षांपासून आहे, दोन्ही जोडलं की झालं. कोण बरोबर?

उघड आहे की नाही, हे ठरवतं कोण?

पेटंट मिळायला तीन गोष्टी लागतात. वस्तू नवी हवी, उद्योगात वापरता येणारी हवी, आणि तिच्यात शोधाचं पाऊल हवं. पहिल्या दोन गोष्टी तपासणं त्यामानाने सोपं. भांडणं होतात ती तिसऱ्यावर. भारतात १९७० चा पेटंट कायदा आहे. त्यात २००२ आणि २००५ साली झालेल्या दुरुस्त्यांनंतर शोधाच्या पावलाची व्याख्या स्पष्ट आहे. आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं किंवा दोन्ही, आणि शिवाय त्या विषयातल्या कुशल माणसाला ती गोष्ट उघड वाटता कामा नये.

हा कुशल माणूस म्हणजे न्यायाधीश नाही, तुम्ही-आम्ही नाही आणि नोबेल मिळवलेला शास्त्रज्ञही नाही. जाळ्याच्या बाबतीत तो म्हणजे धागे आणि जाळी यांत वर्षानुवर्षं काम केलेला तंत्रज्ञ. त्याला आधीचं सगळं छापील ज्ञान माहीत आहे असं धरायचं, आणि मग विचारायचं की अर्ज केला त्या दिवशी त्याला हे सहज सुचलं असतं का. त्या दिवशी हे महत्त्वाचं. कारण उत्तर समोर आलं की कोडं सोपंच वाटतं.

मटेरियल बदलण्यावरून झालेला सगळ्यात प्रसिद्ध निकाल दाराच्या मुठीचा आहे. १८५१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न होता की लाकूड किंवा धातूऐवजी चिनी मातीची मूठ बनवली तर तो शोध का. न्यायालयाने नाही म्हटलं. चांगलं मटेरियल निवडणं हे कुशल कारागिराचं काम आहे, संशोधकाचं नाही, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडचा पायाभूत निकाल भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या एका कंपनीने १९५१ मध्ये भांडी लेथवर फिरवताना घट्ट धरून ठेवण्याच्या पद्धतीवर पेटंट घेतलं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते टिकू दिलं नाही. कारखान्यात काम करता करता होणारी साधी सुधारणा म्हणजे शोध नव्हे, हे या निकालाने पक्कं केलं. आजही पेटंटच्या खटल्यांत या निकालाचा हवाला दिला जातो.

एका बाजूला मूठ आणि भांडं, दुसऱ्या बाजूला श्लाकचं नायलॉन ६. जाळ्याचे वाद या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडतात.

जाळं समुद्रातून डोंगरावर

आबासाहेब २ नोव्हेंबर १९९० रोजी गेले. त्यानंतर त्यांच्या उद्योगसमूहातल्या या दोरखंडाच्या कंपनीपुढे नेमका हाच प्रश्न आला, पण समुद्रात नाही, जमिनीवर.

कोकणातून रेल्वेने गेला असाल तर डोंगर कापलेल्या ठिकाणी दगडांनी भरलेल्या जाळीच्या पेट्या पाहिल्या असतील. त्यांना गॅबियन म्हणतात. डोंगराची माती घसरू नये, किनारा खचू नये म्हणून त्या रचतात. या पेट्या पूर्वापार लोखंडी तारेच्या असतात. पाऊस आणि खारा वारा यांत तार गंजते, तुटते आणि दगड मोकळे होतात. गरवारे कंपनीने तारेच्या जागी सिंथेटिक दोरांच्या पेट्या आणल्या आणि पेटंट घेतलं. कोकण रेल्वेच्या कामावरून एका ठेकेदाराशी वाद झाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. सरकारी कामासाठी पेटंट असलेली वस्तू परवानगीशिवाय वापरता येते का, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता.

कायद्याचे बारकावे बाजूला ठेवू. आपल्याला हवा आहे तो यातला मटेरियलचा प्रश्न. वरवर पाहिलं तर ही दाराची मूठच आहे. लोखंडाच्या जागी प्लास्टिकचा दोर, संपलं. पण तार वाकवली की तशीच राहते आणि पेटीला आकार देते. दोर ढिला असतो, त्याला स्वतःचा आकार नाही. दगडाच्या टोकदार कडांनी तो कापला जाऊ शकतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी कमकुवत होतो. पेटी उभी कशी राहील, गाठी सुटणार कशा नाहीत, या प्रत्येक अडचणीचं उत्तर शोधावं लागतं. ते उत्तर जाळ्याच्या धंद्यातल्या कुणालाही चटकन सुचणारं असेल, तर पेटंट डळमळतं. नसेल, तर टिकतं.

ट्रॉल जाळ्याच्या कोड्याचंही तसंच. तो बारीक, मजबूत धागा अतिशय गुळगुळीत असतो. नेहमीची गाठ मारली की ती सरकते, आणि जाळ्याची घरं लहानमोठी होतात. शिवाय हा धागा साधारण १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, म्हणून गाठ पक्की करायला वाटेल तेवढी उष्णता देता येत नाही. नुसता हा धागा वापरा एवढंच अर्जात लिहिलं असेल, तर ती चिनी मातीची मूठ. गाठ न सरकण्याची नवी युक्ती सांगितली असेल, तर बोलायला जागा आहे.

यात आपलं काय जातं?

बरंच काही. उघड गोष्टींवर पेटंट मिळू लागलं, तर एखादी कंपनी वीस वर्षं साध्या धाग्याच्या जाळ्यावरही हक्क सांगत बसेल. लहान कारखाने बंद पडतील आणि शेवटी महाग जाळं कोळ्याच्या गळ्यात पडेल. उलट, खऱ्या शोधालाही सोपं म्हणून झिडकारलं, तर वर्षानुवर्षं चाचण्या करण्यात पैसा कोण घालील? शेजारचा कारखाना दुसऱ्या महिन्यात तीच वस्तू बनवेल.

आणि शोधांची गरज संपलेली नाही. नायलॉन कुजत नाही हा एकेकाळचा फायदा आज डोकेदुखी झाला आहे. समुद्रात हरवलेली जाळी वर्षानुवर्षं मासे आणि कासवं अडकवत राहतात. म्हणून ठरावीक काळाने विघटन होणाऱ्या धाग्यांवर दक्षिण कोरियासह काही देशांत काम चालू आहे. ज्या दिवशी असं चांगलं जाळं बाजारात येईल, त्या दिवशी कुणीतरी नक्की म्हणेल की हे तर उघडच होतं.

तुमच्याकडे स्वतःची आयडिया असेल, तर या गोष्टीतून एवढं घ्या:

- अर्ज करण्याआधी इन्स्टाग्राम, यूट्यूब किंवा कॉलेजच्या स्पर्धेत तिची माहिती फोडू नका. एकदा जाहीर झालं की नवेपणा जातो, मग शोध तुमचा स्वतःचा असला तरी.
- आधी प्राथमिक अर्ज करता येतो. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात.
- भारतीय पेटंट कार्यालयाच्या इनपास या संकेतस्थळावर जुनी पेटंट फुकट शोधता येतात, मोबाईलवरूनसुद्धा.
- कुणाचा अर्ज उघड गोष्टीवर आहे असं वाटलं, तर पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही पुराव्यासह विरोध नोंदवू शकतो.
- काय बदललं एवढंच लिहू नका. बदलताना कुठे अडलात आणि ती अडचण कशी सोडवली, ते लिहा. शोधाचं पाऊल बहुतेक वेळा तिथेच असतं.

आबासाहेब संशोधक होते का?

पेटंटच्या अर्थाने पाहिलं तर त्यांचं मोठेपण तिथे नाही. नायलॉन त्यांनी शोधलं नाही, दोर वळण्याचं तंत्र अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने आलं. दुसरीकडे चालणारी गोष्ट ओळखायची, ती इथे आणायची आणि माणसं उभी करून कारखाना चालवायचा, हे त्यांचं काम होतं. यावर पेटंट मिळत नाही आणि मिळूही नये. पण पुढच्या पिढीतल्या तंत्रज्ञांनी ज्या मशीनवर, ज्या धाग्यांवर डोकं चालवून स्वतःची पेटंट मिळवली, त्यातलं बरंचसं अशा उद्योजकांनी आधी उभं केलेलं असतं.

मिळवलेल्या पैशातला वाटा त्यांनी शिक्षणाला दिला. कर्वे रोडवरचं महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचं १९४५ साली सुरू झालेलं कॉलेज आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. डेक्कनवरच्या शाळेला त्यांच्या पत्नी विमलाबाईंचं नाव आहे. मुंबई विद्यापीठात करिअर शिक्षणाची गरवारे संस्था आहे. ज्याचं स्वतःचं शिक्षण शाळेत थांबलं, त्याच्या नावाच्या वर्गांत आज रसायनशास्त्र शिकवलं जातं. पुढच्या वेळी त्या स्टेशनवर उतरलात, की समोरच्या कॉलेजमध्ये पॉलिमरचा तास चालू असू शकतो, हे आठवा. जाळ्याच्या पुढच्या पेटंटची सुरुवात तिथल्या एखाद्या बाकावरही होऊ शकते.